मंगळावरच्या गाडीची पूजा

थर्माकोल किती झटक्यात वितळतं, ते मला विचारा! ऐंशीच्या सुमाराला मी आन् दत्तानं आमच्या बेळगावच्या कॉलेजच्या प्रदर्शनासाठी मंगळावर चालणारी गाडी केलती. सगळी थर्माकोलची, पुढं घारीच्या चोचीसारखं लांब नाक. महिनाभर खपलो. निपाणीत दत्ताच्या दारात गाडी बाहेर काढली, बेळगावची बस धरायची, तर त्याची थोरली आक्काच आडवी आली.

“नवी गाडी आन् पूजा न्हाय?”

“आक्का, ही काय खरी गाडी हाय व्हय?”

“मंगळावर जाणार म्हणतासा न्हवं? मग?”

तिनं चाकाखाली लिंबू ठेवलं, नाकाला हळदकुंकू लावलं. आम्ही आपले हसत हुतो. तेवढ्यात तिनं ताटात कापूर पेटवला आन् ओवाळता ओवाळता ताट नाकापाशी नेलं. सुर्रर्र! डोळ्यांदेखत नाक आत गेलं आन् तिथं हे एवढं काळं भोक पडलं. दत्ता मटकन खालीच बसला.

आक्का मात्र थंड. ताट खाली ठेवत म्हणाली, “बघितलासा? पूजा केली म्हणून नाकावर भागलं. न्हायतर आख्खी गाडीच गेली असती!”