भिंतीला पाझर फुटला

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले, तुम्हीही हात आवरा. आधी एक प्रश्न विचारतो, मग कथेला हात घालू. तुम्ही रस्त्यानं निघालाय. एका घराच्या मागच्या अंगाला आग लागलेली तुम्हाला दिसली. घरातल्यांना पत्ता नाही! तर सांगा — ही बातमी कुणाची? ज्याला दिसली त्याची? ज्यानं तुम्हाला बघायला पाठवलं त्याची? की घर ज्याचं जळतंय त्याची?

"घरवाल्याची!" — बघा, पुढच्या रांगेतल्या मावशी लगेच बोलल्या. मावशी, बोलायला सोपं आहे हो. वागायची वेळ आली म्हणजे काय होतं, ते ऐका!

पुण्याच्या तांबट आळीत दिगंबर कर्डे नावाचे कारागीर. आळी त्यांना अण्णा म्हणते. बंब, हंडे, घंगाळी ठोकून ठोकून उजवा खांदा गेला, पण हातोडी काही सुटली नाही. त्यांची लेक सुमेधा. शिकली, मोठ्या ऑफिसात लागली. आणि गंमत बघा — बापाचं पोट तांब्यावर, लेकीचंही तांब्यावरच! बाप तांबं ठोकतो आणि लेक तांबं बघते.

बघते म्हणजे? अहो, आभाळात उपग्रह फिरतात. ते जगभरच्या तांब्याच्या खाणींचे फोटो काढतात. सुमेधा खुर्चीत बसून ते न्याहाळायची. कुठल्या खाणीत डंपर कमी झाले, कुठली भट्टी गार पडली, आणि त्यावरून आधीच सांगायचं — पुढं बाजारात तांब्याची आवक वाढणार की घटणार! तुमच्या विहिरीवरच्या मोटारीत तांबं, डोक्यावरच्या पंख्यात तांबं. म्हणून मोठमोठे व्यापारी या बातमीवर टपलेले. हसू नका! शेजारच्या कढईत काय तळतंय ते वासावरून सांगणाऱ्या इथंच बसल्यात. त्यांना उपग्रहसुद्धा लागत नाही!

तर एक खाण होती. दूर, समुद्रापलीकडच्या देशात, डोंगरात. दगडातून तांबं काढून घेतल्यावर जो चिखलासारखा राडा उरतो, तो साठवायला खाणीनं एक तळं केलेलं. तळ्याला मातीची उंच भिंत. एका सोमवारी सुमेधाला त्या भिंतीच्या पायथ्याशी काळसर डाग दिसला. पुढच्या सोमवारी डाग मोठा. त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी मोठा! ओल होती ती. भिंत आतून झिरपत होती.

पोरगी हुशार. तिनं पहिल्याच सोमवारी लिहून टाकलं — "भिंत फुटण्याचा संभव. फुटल्यास खाण बंद. आवक घटेल." मुकुंद सर म्हणजे तिचे वरिष्ठ, ते खूश! "सुमेधा, जगात कुणालाच हे दिसलं नाही. फक्त आपल्याला! बाहेर शब्द काढू नकोस हं."

ती म्हणाली, "सर, भिंतीच्या खाली वस्ती आहे. अकरा छपरं आहेत. मोजली मी."

"अगं, आपण आवक बघतो, गावं नाही. तिथं सरकार आहे, कंपनी आहे, त्यांना कळत नसेल का?"

मंडळी, हे वाक्य ओळखीचं वाटतं का? त्यांना कळत नसेल का! या एका वाक्यावर आपण सुखानं जेवतो, सुखानं झोपतो. सुमेधाही झोपली. एक आठवडा गेला. दुसरा गेला. तिसरा गेला!

मग एका रविवारी दुपारी ती अण्णांच्या दुकानात बसली होती. अण्णांनी नवं घंगाळ काठोकाठ भरून वर्तमानपत्रावर ठेवलेलं. जोड नीट झाळलाय की कुठं गळतोय, हे बघायची त्यांची ही रीत. जेवण होईपर्यंत ठेवायचं, मग उचलून कागद बघायचा. अण्णांनी घंगाळ उचललं. कागदावर रुपयाएवढी ओल!

"गेलं," म्हणाले, आणि घंगाळ बाजूला सारलं.

"अण्णा, एवढीशी तर आहे. कुणाला दिसणार?"

"मला दिसली ना! दिसल्यावर आता ती माझी झाली."

सुमेधानं सगळं सांगितलं. तळं, भिंत, अकरा छपरं. अण्णांनी मान वर केली नाही.

"ओल दिसून किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"कुणाला सांगितलंस?"

"ज्यांचं काम करतो त्यांना. बाहेर बोलायचं नाही अशी सही केलीय अण्णा. नोकरी जाईल."

अण्णांनी हातोडी खाली ठेवली. म्हणाले, "भिंत मातीची. तिलासुद्धा पाझर फुटला, पोरी. तुम्हाला कधी फुटायचा?"

आहाहा! मंडळी, शब्द तोच. भिंतीला फुटला तर संकट, आणि माणसाला फुटला तर माणूस!

ती तशीच उठली. नकाशात त्या वस्तीची शाळा शोधली, शाळेचा नंबर शोधला. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ, शाळा भरायची वेळ. मोबाइल आता आपलं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत करून देतो, त्याच्या आधारानं बोलली. पलीकडे मार्ता नावाच्या शिक्षिका. सुमेधानं सांगितलं, "बाई, तुमच्या वरच्या भिंतीला ओल आलीय!"

मार्ताबाई म्हणाल्या, "आम्हाला माहीत आहे."

माहीत आहे!

"महिनाभर सांगतोय आम्ही. कंपनी कुणाला जवळ जाऊ देत नाही, आणि सरकारी साहेब विचारतात, पुरावा कुठाय? तुमच्याकडे… फोटो आहे का?"

विठ्ठला! फोटो होता! तीन आठवडे, तीन फोटो, तारखेसकट! सुमेधानं तिथल्या तिथं धाडले. मार्ताबाईंनी साहेबापुढे ठेवले. वस्ती हलवायचा हुकूम निघाला. आणि तिसऱ्या दिवशी भिंत फुटली. अकरा छपरांतलं एक उरलं नाही. आवक घटली. अंदाज अगदी खरा ठरला. सुमेधाची नोकरी गेली.

मार्ताबाईंचा फोन आला. "आम्ही सगळे टेकडीवर आहोत. पेद्रोआजोबा तेवढे नाहीत. त्यांच्या सगळ्या शेळ्या दोन दिवसांत हलल्या नाहीत. उरलेल्या आणायला खाली गेले. अजून थोडे दिवस मिळाले असते…" मार्ताबाईंनी पुढचं बोलणं गिळलं.

सुमेधानं ते कसं गिळायचं? अण्णा तिला म्हणाले नाहीत की तू पुष्कळांना वाचवलंस. ती त्यांच्याशेजारी बसून राहिली. मलाही तिला मोकळं करता येत नाही, मंडळी. वाईट वाटतं, पण येत नाही.

तुम्ही डोळे पुसताय. पुसा. पण मी मघाशी एस.टी.तून उतरून देवळाकडे आलो, ते तुमच्या पाण्याच्या टाकीखालून. टाकीखालच्या खोलीत अंगणवाडी भरते. दारावर फुगे रंगवलेत, छान आहेत. आणि मागच्या खांबाला हातभर ओल आहे, सिमेंट सुटून आतली सळई दिसतेय. ती आधी कुणीकुणी पाहिलीय? हात वर करा. लाजू नका, देवासमोर बसलाय.

एक… दोन… तिकडं खांबापाशी चार… अहो, मावशी, तुम्हीसुद्धा? सरपंच, तुम्हीही?

एवढे हात! मग सांगायचं कुणाला राहिलं?

अंगणवाडीच्या बाई कुठं आहेत? उभ्या राहा, बाई. त्यांनी हात वर केला नव्हता, मंडळी. मी बघत होतो. बाई, उद्यापासून पोरं या देवळात बसवा, देव सरकून बसेल. बाकीचे उठा. आरती नंतर. विठ्ठलाचं नाव टाकीकडे चालता चालता घेऊ.