भट्टीवरचा एकच पाव

वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी पुण्याला निघालेली नीलांबरी ड्युसेलडॉर्फ विमानतळावर कॉफीच्या रांगेत उभी होती. मागे आत्या-भाचीचं मराठी बोलणं चाललं होतं.

“आत्या, परत म्हण बघू. ‘माझे यजमान गेले.’ अरबीत.”

“पाठ आहे गं कुहू, पण तोंडातून निघत नाही. मोरोक्कोत, फेजला आमच्या गल्लीत पाऊल टाकलं, की तांबटापासून हमामातल्या न्हाऊ घालणारीपर्यंत सगळे विचारणार, युसुफ मागे राहिला का?”

“मग मी फोन करून सांगते.”

“फोनवर? सातशे वर्षांच्या मोहल्ल्याला?”

“मग करणार काय?”

“तिथं गल्लीची एक भट्टी असते. घरी पीठ मळायचं, पाव थापायचे आणि भाजायला तिथं पाठवायचे. कुठला पाव कुणाचा, हे भट्टीवाला बरोबर ओळखतो. माझ्या पावावर तीन रेघा असतात.”

“आल्झो, म्हणजे तुझा बारकोड!”

“चावट! तीस वर्षं, दर सुट्टीत, आमच्या घरून रोज दोन पाव गेले. आज गल्ली झोपल्यावर पोचू, उद्या सकाळी एकच पाठवीन.”

“आणि?”

“आणि पुदिन्याचा चहा टाकून बसेन. दुपारपर्यंत सगळी गल्ली दाराशी येईल.”