पायलीतली शेवंती

अण्णांच्या पायलीचं तुम्हाला सांगितलंच नाही बघा. माझे वडील कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी होते. ते गेले अन् धान्य मोजायची त्यांची लोखंडी पायली माळ्यावर पडली. मला तर टाकाऊ वस्तूंत फुलझाडं लावायचा नाद. परवा ती काढली, पाणी झिरपायला बुडाला भोक पाडून घेतलं आणि अंगणात शेवंती लावायला बसले, तर दारात मल्लूकाका. अण्णांचे मोंढ्यातले जोडीदार.

त्यांनी पायली उलटी करून बघितली अन् कडाडलेच. "अगं माय, मापाला भोक? तुझ्या बापानं जल्मात कुणाला मापात मारलं न्हाय!"

"काका, आता यात कोण मोजतंय? सगळीकडं वजनकाटे आलेत."

काका खाली बसले आणि भोकावर अंगठा दाबून धरला. "भर माती."

मी भरली. त्यांनी दुसऱ्या हाताच्या तळव्यानं वरची माती सपाट केली आणि अगदी मोंढ्यातल्यासारखी हाळी दिली, "लाभ!"

तुम्हाला माहितीच आहे, पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.

मला हसू आलं. "आता दोन म्हणा की."

"लाभ म्या म्हणायचो," काका हळूच म्हणाले. "दोन तुझे अण्णा म्हणायचे."

त्यांनी अंगठा काही काढला नाही. शेवंतीचं रोप हातात धरून मीपण थांबले, कुणीतरी दोन म्हणेल म्हणून.