पांढऱ्या पायांची गोजरा

मंडळी, एक विचारते, खरं सांगा. आपला विठोबा रंगानं कसा? काळा कुळकुळीत! आणि नाव? पांडुरंग! म्हणजे पांढऱ्या अंगाचा! आजवर कोणी हरकत घेतली? उलट टाळ वाजवता!

'पांडुर' हा जुना संस्कृत शब्द. तोंडातोंडी झिजून त्याचा 'पांढरा' झाला. मग आपण त्याला कुठं कुठं राबवलं! पीक येतं ती काळी, गाव वसतं ती पांढरी. उन्हात न जाणारा पांढरपेशा — पुढच्या रांगेतल्यांनो, हसा, हसा! नवरा गेला की कपाळ पांढरं. आणि सून आल्यावर बैल मेला, तर ती पांढऱ्या पायाची! देवाला आरती, सुनेला हकालपट्टी! मग हा रंग असतो कुठं? पायात, का बोलणाऱ्याच्या तोंडात?

ऐका तर. गोजरा उंबरठा ओलांडून आली आणि त्याच आठवड्यात दावणीचा बैल गेला. सासू केवळाबाईनं शिक्का मारला — पांढऱ्या पायाची! दुपारपर्यंत तो वेशीपर्यंत पोचला. नवरा? तो गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलत बसला!

त्या गावची घरं माळवदाची, मातीच्या सपाट छपराची. उन्हाळ्यात गढीची पांढरी माती आणायची, भिजवायची, भुसा घालायचा आणि बायांनी एकमेकींचे खांदे धरून ती तुडवायची. आज तुझ्या दारी, उद्या माझ्या. पण यंदा केवळाबाईच्या दारी कोणी फिरकलं नाही. गोजराबरोबर चिखलात उतरणार कोण?

केवळाबाई कडाडली, "बघ! तुझ्यापायी माळवद राहिलं. आखितीच्या सणाला माहेरी जा. आणि तिकडंच राहा!"

गोजरा जाणार कुठं? माहेरी दोन भावजया, एक चूल. पण रडली का? छे! पदर खोचला. "जाईन की, आत्याबाई. पण माळवद करून जाईन. माझ्यामागं तुमच्या डोक्यावर गळायला नको."

आणि उतरली एकटी! धरायला खांदा नाही. घसरली, आपटली, उठली. शेजारची सगुणा भिंतीवरून म्हणाली, "एकटीनं कधी झालंय का गं?" गोजरानं टाच रोवली, पुन्हा तुडवायला लागली.

केवळाबाई ओट्यावर, तोंड फिरवून. पण कान चिखलाकडं! जन्म गेला माती तुडवण्यात. गोळे राहिलेला चिखल तिला नुसता ऐकून कळायचा. शेवटी राहवेना!

"अगं, टाच मार, टाच! भुसा एका अंगाला राहिला! आईनं हेच शिकवलं?"

"आईचं घर पत्र्याचं, आत्याबाई. हे शिकवायचं तुमच्याकडं राहिलंय."

म्हातारी उठली. लुगडं खोचलं. चिखलात उतरली आणि पहिल्याच पावलाला घसरली! धरलं कोणी? गोजरानं!

मग काय, दोघी खांद्याला खांदा! सगुणा ओरडली, "केवळाबाई, तिच्यासंगं उतरलीस? काही झालं म्हंजे?"

म्हातारी थबकली. सुनेचा खांदा मात्र सोडला नाही. "व्हायचं ते आत्ताच होत होतं! कंबरडं मोडत होतं, हिनं धरलं. बैल म्हातारा होता, मेला. हिला कुठं पाठवत नाही मी. तू बघत काय उभी? ये, भुसा टाक!"

आणि आली की सगुणा!

मंडळी, बैल मेला तेव्हा केवळाबाईला कारण हवं होतं, समोर सून सापडली. तुमच्याही घरात असा शिक्का कोणावर तरी असेल. कोणी अपशकुनी, कोणी बिनकामाची. आता प्रसाद घ्याल, तेव्हा तिच्यासाठी एक द्रोण न्या. आणि तिच्या हातात देताना आपल्या तोंडून काय निघतंय, तेवढं नीट ऐका!