चिकटवलेला प्रवासी

कॉलनीतल्या बागा बघत निघालेली रांग निवृत्त स्टेशनमास्तरांच्या बागेत, त्यांच्या खेळण्यातल्या रेल्वेपुढे खोळंबली. दंतवैद्य बाईंच्या पुढे एक जोडपं होतं. लोकांनी तोंड उघडलं की आत डोकावायची बाईंना सवयच, त्यामुळे त्यांनी कान टवकारले.

"अय्या, हे तर आपलंच स्टेशन! बाकावरचा तो जांभळ्या स्वेटरवाला बघा."

"चल पुढे, लोक थांबलेत."

"थांबा हो. मास्तर, हा कोण?"

"नाव नाही माहीत. माझ्या गच्चीवरून पाठ तेवढी दिसते. रोज सकाळी डबा घेऊन येतो. गाड्या येतात, जातात, पठ्ठ्या हलत नाही. संध्याकाळी घरी जातो. चढणारी माणसं मी सुटी ठेवतो, याला मात्र चिकटवून टाकलाय."

"पाठीवर पिवळा पट्टा आहे, मास्तर. जांभळी लोकर संपली म्हणून मीच घातला होता तो."

"अगं..."

"अहो, तुम्ही ऑफिसला जाता ना?"

"ऑफिस बंद झालं. उन्हाळ्यातच."

"आणि मी विचारलं की म्हणता, आज काम फार होतं!"

"तुला धक्का बसेल म्हणून..."

"मग आता काय, गुदगुल्या झाल्या?"

मास्तरांची शिट्टी ओठांपर्यंत जाऊन परत आली.

"मास्तर, ह्यांना सुटं करता येईल?"

"ओढलं तर बाकही उखडेल, वहिनी."

"उखडू दे."