उजव्या हाताचं सेरीन

थोरली : 'बाबांना एकट्याने जेवू देऊ नका गं.' आई जाताना दोघींना म्हणाली होती. तुला आठवतंय, की आठवायचं काम तुझ्या प्रयोगशाळेतल्या उंदरांनीच करायचं?

धाकटी : विषय बदलू नकोस, ताई. हा डबा स्वयंपाकघरात कसा? बाबांच्या दुधात घालतेस हे?

थोरली : घालते. सेरीन आहे, त्यांच्या आठवणीसाठी. तुमच्या प्रयोगशाळेला माल देतात त्या दुकानातून आणलं. तुझं नाव सांगितलं. निदान तिथे तरी कामी आलं.

धाकटी : डब्यावर लिहिलंय, माणसांसाठी नाही! डोकं फिरलंय का?

थोरली : पाहुण्यांपुढे तोंडाचा पट्टा तूच सोडला होतास. म्हणालीस, आठवण धरायला मेंदूतल्या पेशीच्या कुलपाला दोन किल्ल्या लागतात, त्यातली एक उजव्या हाताचं सेरीन.

धाकटी : आणि हे डाव्या हाताचं आहे! साधं, डाळीच्या प्रथिनातसुद्धा असतं. दिसायला जुळं, पण डावा हातमोजा उजव्या हाताला बसतो का?

थोरली : ठाऊक आहे. मेंदू स्वतःच डाव्याचं उजवं करतो, हेही तूच सांगितलंस. म्हटलं, कच्चा माल देऊ, करेल तो.

धाकटी : करतो, पण त्याच्या मापाने! उजवं फार झालं तर पेशीला सोसत नाही, मरते ती. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालीस.

थोरली : अर्धंच ऐकलं, कारण तुम्ही जेवत होतात आणि मी वाढत होते.

धाकटी : फेकते मी हे.

थोरली : फेक. मग उंदरांना देतेस ते आण.

धाकटी : बाबांवर प्रयोग? मुळीच नाही.

थोरली : मग काय, फोनवरून चौकशी? घास तोंडात धरून बसतात, गिळायचं विसरतात. मी भरवायला गेले की म्हणतात, 'बाई, तुम्ही राहू द्या, माझी धाकटी येईल.'

धाकटी : मला कधी बोलली नाहीस.

थोरली : काय बोलू? रोज अंघोळ मी घालायची आणि नाव तुझं पक्कं! एकदा मला हाक मारावी, एवढ्यासाठी घातलं ते दुधात. हस आता.

(धाकटी डबा मोरीत रिकामा करते. नळ वाहत राहतो.)

थोरली : झालं समाधान? नीघ.

धाकटी : त्यांची वाटी कुठाय?

थोरली : कशाला?

धाकटी : मी भरवते. तू शेजारी बस. दर घासाला तुला हाक मारीन, बाबा मारायचे तशी.

थोरली : ...नळ बंद कर आधी. आणि चमचा लहान घे.