थंड खोलीतली नाली

राजपाल : पुन्हा सांगतो, तुळसाबाई, पाइप उचला. बारा वाजता अन्नखात्याचा साहेब येते. त्याच्या आंधी थंड खोलीतली नाली साफ पाह्यजे.

तुळसाबाई : नाई, साहेब. आज मी त्या नालीले हात लावत नाई.

राजपाल : आठ वर्षं झाले, या पनीरच्या कारखान्यात तुमीच धुता. आजच काहून नाई?

तुळसाबाई : आज थो येऊन राह्यला म्हणून. जशी हाय तशी पाहू द्या त्याले.

राजपाल : तुमच्या सुनेचं झालं थे वाईटच झालं. पण मी मॅनेजर हाय. मले कारखाना सांभाळा लागते.

तुळसाबाई : सातव्या महिन्यात लेकरू पोटातच गेलं निकिताचं. चार दिवस ताप होता, आमाले वाटलं साधाच हाय. डॉक्टर म्हणे, खाण्यातून जंतू गेला. शनिवारी तुमी आमाले पनीरचा चुरा वाटता, थो म्याच नेला घरी. म्याच म्हटलं, खाय बाई, पोटातल्याले ताकद येईन.

राजपाल : थोच चुरा तुमी खाल्ला, तुमच्या पोरानं, प्रज्वलनं खाल्ला. तुमाले कुठी काय झालं?

संस्कृती : सर, धडधाकट माणसाला तो जंतू बहुतेक काही करत नाही. गरोदर बाईच्या रक्तातून मात्र बाळापर्यंत जातो. हे मी तुम्हाला दिवाळीतच सांगितलं होतं.

राजपाल : संस्कृती, तू लॅबमधी जाय.

संस्कृती : नाही जात. मावशी, दिवाळीत मी नालीतलं पाणी तपासलं, त्यात लिस्टेरिया सापडला. बाकीचे जंतू थंडीत थांबतात, हा थंडीतही वाढतो. तुम्ही धुतलं, औषध टाकलं, तरी संक्रांतीला पुन्हा तोच. फुटलेल्या फरशीखाली थर धरून बसलाय. पाइपाचं पाणी जोरात मारलं की शिंतोडे पनीरच्या टेबलावर उडतात.

तुळसाबाई : म्हंजे मी धुवत होती, अन थेच उडत होतं?

संस्कृती : फरशी उखडून नवी बसवा, म्हणून मी दोनदा लिहून दिलं होतं.

तुळसाबाई : यायले लिहून देल्लं. मले काहून नाई सांगितलं, पोरी? रोज माह्यासंगं डबा खात होती तू.

संस्कृती : नोकरी जाईल म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं, मावशी.

राजपाल : फरशी उखडाले आठ दिवस बंद ठेवा लागलं असतं. अन सल्लागारानं साफ सांगितलं होतं, असे वर्षानुवर्षं कारखान्यात मुक्काम करणारे जंतू मवाळ असतात. त्यायच्यात बिमारी कराचा दम राहत नाई.

संस्कृती : काहींच्यात नसतो, सर. सगळ्यांचं तसं नाही. आपला कसा आहे ते तपासू म्हटलं, तर तुम्ही नको म्हणालात. शेवटी अकोल्याच्या डॉक्टरांनी निकितावहिनीच्या रक्तातला जंतू आणि मी दिलेला नालीतला, दोन्ही तपासायला पाठवले. काल रिपोर्ट आला. एकच आहे.

राजपाल : नमुना बाहेर देल्ला? कोणाले विचारून?

संस्कृती : कोणालाच नाही. अन्नखात्यालाही मीच कळवलं.

तुळसाबाई : मवाळ म्हणे. नर्सनं लेकरू माह्या हातात देल्लं, साहेब. बोटाले नखं आली होती त्याच्या.

राजपाल : हात जोडतो, तुळसाबाई. साठ माणसं हायत अठी, रिठदची, शिरपूरची. कुलूप लागलं त काय खातीन थे?

तुळसाबाई : त्यायच्यातच आपली देवला हाय, कामावरची. पाचवा महिना हाय तिले. मांगच्या शनिवारी तिलेही चुरा देल्ला तुमी. तिले काहून नाई सांगितलं, हा मवाळ हाय म्हणून?

(बाहेर जीप थांबते.)

संस्कृती : आले ते. सर, आज या खोलीला सील लागणार.

राजपाल : काय सांगान त्याले, तुळसाबाई?

तुळसाबाई : फुटकी फरशी दाखवीन. बाकीचं ही पोरगी सांगते.

राजपाल : अन मंग?

तुळसाबाई : मंग मले घरी जा लागते. निकिताले दूध उतरून राह्यलं. डॉक्टरनं गोळ्या देल्ल्या, तरी थांबून नाई राह्यलं.